अहिर

"जेवणात काय घातलंस? खरं बोल!"

सासू महेरुन्निसा माजघराच्या दारात उभी होती. ओटीवर सासरा नजमुद्दीन पोट धरून ओकत होता. त्याचं दुपारचं जेवण होऊन हात वाळले नव्हते, बायका अजून जेवायच्या होत्या, तोच त्याला कळा सुरू झाल्या होत्या.

चुलीपाशी उभी सून तैयबा पुढे झाली. "अहिर घातला, अम्मा. सालन्यात अहिर होता."

महेरुन्निसाच्या हातातला तांब्या खाली पडला. "या अल्ला! जहर! आपल्या तोंडानं सांगते, जहर घातलं म्हणून!"

"जहर न्हाय, अम्मा! अहिर! मासली हाय ती!"

पण तोवर शेजारच्या बायका अंगणात आल्या होत्या आणि त्यांच्या कानांवर ‘जहर’ एवढंच पडलं होतं.

तैयबा पालीजवळच्या गावची. अंबा नदी त्यांच्या परसामागून वाहायची. मांडव्याच्या या घरात ती लग्न होऊन आली, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. नवरा मकसूद मुंबईच्या गोदीत कामाला होता. आज सकाळी तिचा भाऊ मोहम्मद नागोठण्याहून मचव्यानं आला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिवंत अहिर तिच्या हाती देऊन ओहोटी लागण्याआधीच परतला. माहेरचा घास म्हणून तिनं तो हौसेनं रांधला. सापासारखा लांब मासा पाहून सासरचे नाक मुरडतील, म्हणून कातडं आधीच सोलून पुरून टाकलं होतं. आता तेच अंगाशी आलं; पुरलेलं कातडं उकरून दाखवलं, तर संशय वाढलाच असता.

हकीमसाहेब आले. त्यांनी नजमुद्दीनची नाडी पाहिली, मग तैयबाकडे वळले. "नाव काय म्हणालीस?"

"अहिर."

"कसा असतो?"

"लांब. खवलं न्हायत. हातात ठरत न्हाय." आई धाकट्या भावाला न्हाऊ घालताना म्हणायची, अहिरावानी निसटतोस रे! तिला ते आठवलं.

"म्हंजे साप!" शेजारची खतिजाखाला ओरडली. "बाप-आज्यापासून आम्ही दर्यावर. मासली असती तर आमाला ठावं नसती?"

"परवा माहेरी जायचं म्हणून रडत व्हती," महेरुन्निसा म्हणाली. "यांनी न्हाय म्हटलं. तेव्हापासून हिचं तोंड फुगलेलं."

"पाटलाला बोलवा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "अलिबागला वर्दी जाऊ दे."

तैयबानं खाडीच्या दिशेला पाहिलं. मोहम्मदचा मचवा एव्हाना खाडीत दूर गेला असेल. मकसूदला निरोप पोचेल तो काय म्हणून पोचेल? तुझ्या बायकोनं बापाला जहर घातलं?

ती आत गेली. उरलेल्या सालन्याचं, रश्श्याचं पातेलं उचलून बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर ओटीच्या कडेला बसली. हातानं तुकडे काढून ती खाऊ लागली. घास गिळवत नव्हता, तरी पातेल्याचा तळ दिसेपर्यंत ती थांबली नाही. हकीमसाहेब "अगं, अगं" करत राहिले. कुणी तिचा हात धरला नाही.

मग सगळे तिच्याकडे पाहत बसले. तिच्याही पोटात कालवत होतं. भीतीनं की मासळीनं, तिचं तिलाच कळेना. खरंच काही वाईट असेल तर? मोहम्मदनं धरलेलं दुसरंच काही असेल तर? आत नजमुद्दीन कण्हला की तिच्या अंगावर काटा यायचा.

उन्हं कलताना आवडाबाई कोळीण धापा टाकत आली. "हकीमसाहेब, चला वो! आमचे धनी सकाळधरनं ओकतात. काय बी पोटात ठरत न्हाय."

"दादूनं काय खाल्लं?"

"कालवं. कच्चीच. नजमुद्दीनभाय पन व्हते की संगट. दोघांनी काल सांजला होडीवर बसून शिंपल्यातनं काढून खाल्ली."

नजमुद्दीननं उशीवरून मान हलवली. "व्हय," तो क्षीण आवाजात म्हणाला. "खाल्ली."

बायका पदर सावरत एकेक करून निघून गेल्या. महेरुन्निसानं रिकामं पातेलं उचललं, विहिरीवर नेलं आणि स्वतः घासलं.

ईदेला मकसूद घरी आला, तेव्हा नजमुद्दीन चांगला हिंडता-फिरता झाला होता. जेवताना महेरुन्निसानंच ती गोष्ट हसत हसत काढली. आपण काय ऐकलं, खतिजा कशी ओरडली, सगळं रंगवून सांगितलं. नजमुद्दीनलाही हसू आवरेना.

मकसूदनं बायकोकडे पाहिलं. "काय म्हनतात गं तुमच्याकडं त्याला?"

तैयबा त्याच्या ताटात भात वाढत होती. ‘अहिर’ ओठांवर आलं, तसा तिचा हात थोडा थांबला.

"मासली," ती म्हणाली आणि सासऱ्याला वाढायला पुढे सरकली.