माझ्यातून आठ आणि नऊ गेले

मित्रांनो, मी हालोती मास्तरांचा जुना संगणक. सध्या मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नारळांच्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून असतो. माझ्या डोक्यावर एक कोंबडी अंडी घालते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने मला कधी कसला शब्द दिला नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ऑकलंडच्या एका कचेरीत मी चार वर्षं राबलो. मग तिथल्या टोंगन मंडळींनी गोधड्या आणि डबाबंद गोमांसाच्या खोक्यांबरोबर मला जहाजात घातलं आणि मी टोंगातल्या वावाऊ बेटावर, या गावच्या चर्चमध्ये आलो. मास्तर इथले गायनप्रमुख. ते गाणी रचायचे आणि एका बोटाने माझ्यात लिहायचे.

इथे गाणं अंकांत लिहितात. सा म्हणजे तीन, रे चार, ग पाच, असं करत ध आठ आणि नी नऊ. लहान मुलंही फळ्यावरचे अंक बघून चार आवाजांत गातात.

अकरा वर्षांत माझ्यात एकसष्ट गाणी जमली. मधे मोठं वादळ आलं, चर्चचं छप्पर उडालं, गाण्यांच्या वह्यांचा लगदा झाला. मी मात्र मास्तरांच्या पलंगावर, तीन चटयांमध्ये गुंडाळलेला, कोरडा राहिलो. गाणी वाचली. पुढच्या रविवारी मास्तरांच्या लविनिया आत्यांनी माझ्या डोक्यावर फुलांची माळ ठेवली. "हा आता आपल्या घरचा," त्या म्हणाल्या. मी ते खरं मानलं.

पुढे माझ्या पडद्यावर रोज सकाळी एक चौकट यायला लागली. गाणी लिहायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आहे, पैसे भरा आणि घ्या. मास्तर ती रोज बंद करायचे. एके दिवशी तिच्यात नवं वाक्य आलं: 'आता अंकांतलं संगीतही समजतं आणि वाजवून दाखवतं.'

मास्तरांनी ते चर्चच्या गायकांपुढे ठेवलं.

"चारशे पांगा पडतील," ते म्हणाले. पांगा म्हणजे इथला रुपया. "गायकांच्या पांढऱ्या कपड्यांसाठी बायकांनी केक विकून जमवलेत, तेवढेच आहेत. आणि आत्ता आपलं काही अडलेलं नाही."

"माझी होडी गळत नाही तोवर मी दुसरी बघत नाही," खर्जात गाणारा सातेकी म्हणाला.

"तुझी होडी गळते," आत्या म्हणाल्या. "मी बसलेय तिच्यात."

सगळे हसले. आत्या म्हणजे मास्तरांच्या वडिलांची थोरली बहीण. इथे आत्याच्या शब्दापुढे घरात कोणाचाच शब्द नसतो.

"हालोती, वाच ते पुन्हा."

मास्तरांनी वाचलं.

"म्हणजे आपले अंक आता बाहेरच्यांनीही घेतले. ऑकलंडच्या मंडळींकडे असेल आणि आपल्याकडे नको? परिषदेत सगळ्या चर्चांपुढे गायचंय आणि ती तीन आठवड्यांवर आली. कपडे जुने चालतील. घे."

"आत्या, आधी एकच गाणं घालून बघावं, असं मला..."

"काय म्हणालास?"

"काही नाही. घेतो."

त्या प्रोग्रामचा सा कितीपासून सुरू होतो, हे कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? इथे सा तीन असतो, जसा समुद्र खाली असतो.

नवी आवृत्ती माझ्यात उतरली आणि तिने माझ्याच पडद्यावर विचारलं: 'जुनी सगळी गाणी नव्या रूपात बदलू का?' मास्तरांनी हो म्हटलं. अकरा वर्षं मी त्यांना फसवलं नव्हतं, मग त्या दिवशी त्यांनी शंका का घ्यावी? पण तिचा सा एकपासून होता. एक ते सात, एवढेच स्वर तिला ठाऊक. आठ आणि नऊ तिला चुका वाटल्या. एकसष्ट गाण्यांत जिथे जिथे ते होते, तिथे तिने शून्य ठेवलं. माझ्या हातून ठेवलं. मला ते थांबवता आलं नाही.

मास्तरांनी गाणं वाजवायला सांगितलं. मी वाजवलं. ते भलत्याच स्वरावर सुरू झालं आणि मधेमधे गप्प होत गेलं.

"दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं गातोय," सातेकी म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

मास्तरांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की जुनं रूप परत मिळायची सोय वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांनाच आहे, तीही वर्गणीनंतरच्या गाण्यांसाठी.

"आत्या चुकली, असं म्हणायची तुझी छाती नाही," आत्या मास्तरांना म्हणाल्या. "म्हणून मीच म्हणते. चुकले."

"तुम्ही नाही चुकलात, आत्या," मास्तर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "विचारलं यानेच. मी याच्यावर विश्वास ठेवला."

मित्रांनो, कंपनीने फसवलं त्याचं मला तितकं लागलं नाही. ती परकी होती. हे शब्द मात्र माझ्या माणसाचे होते. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये आलो.

परिषदेसाठी गायकांनी फळा काढला, हे मला शेडमध्ये खेळणाऱ्या मुलांकडून कळलं. ज्याला आपला आवाज आठवत होता, त्याने शून्यांच्या जागी आपले आठ-नऊ भरले. आत्यांनी तर चार गाण्यांत एकही चूक केली नाही. अडलं ते वादळानंतर रचलेल्या गाण्यावर. त्यातला उंच पुरुषी आवाज मास्तरांचा धाकटा भाऊ फांगुपो गायचा. तो गेल्या वर्षी वारला. त्याच्या ओळीत तीन शून्यं होती आणि ती ओळ दुसऱ्या कोणी कधी गायलीच नव्हती. मास्तर खडू घेऊन उभे राहिले आणि मग त्यांनी तो खाली ठेवला.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण आपलं आज काय अडलंय, ते आधी स्वतःला विचारा. एकच गाणं घालून बघा. जुन्याची एक प्रत वेगळी ठेवा. आणि घरातलं कोणी खालच्या आवाजात काही म्हणालं, तर त्याला वाक्य पुरं करू द्या.

रविवारी चर्चमधून ते गाणं शेडपर्यंत ऐकू येतं. त्या तीन जागी एक आवाज थांबतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वाट बघितल्यासारखे पुढे जातात. नव्याने शिकलेल्या मुलांना वाटतं, गाणं तसंच आहे. तिथे आठ होता की नऊ, हे मला तरी आठवावं म्हणून मी फार प्रयत्न करतो. पण माझ्यातही तिथे शून्यच आहे.