तिरका ओळंबा

अलेक्झांड्रियाच्या त्या इंजिनिअर मंडळात वर्षाखेरच्या सभेला आधी ओळंबा सोडतात, मग तोंडं सोडतात. मंडळाची इमारत जुनी, मधोमध गोल जिना. वर काचेच्या छताखाली एक कडी आहे, तिच्यातून दोरा खाली येतो आणि दोऱ्याच्या टोकाला डाळिंबाएवढा पितळी ओळंबा. खाली फरशीत पितळेची चकती ठोकलेली. ओळंबा डुलायचा थांबेपर्यंत सगळ्यांनी भोवती गप्प उभं राहायचं. टोक चकतीवर येऊन थांबलं की सर्वांत म्हातारा सभासद म्हणतो, "सरळ." बाकीचे म्हणतात, "सरळ." एवढ्या एका शब्दात वर्षभर वाटलेले सगळे इमारतींच्या मजबुतीचे दाखले मंजूर होतात. मग प्रगतीचा अहवाल, मग नव्या वर्षाची उद्दिष्टं, मग फतीरची गरम पोळी आणि चहा.

मंडळाची चिटणीस सोहैर हिला यंदा तो शब्द नको होता.

तिची बहीण इनायात शहराच्या लब्बान भागात राहायची, एका जुन्या भाड्याच्या इमारतीत. भिंतीला तडा गेला म्हणून सोहैर मागच्या आठवड्यात तिकडे गेली होती. फरशीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा अगदी मधोमध. जिना सरळ, चौकटी सरळ. मग तिने जिन्याच्या पोकळीत आपला लहानसा ओळंबा सोडला, आणि तो तिरका लटकला. वारा नव्हता. कुणीतरी खालून दोरा धरून बाजूला ओढावा, तसा तो तळघराच्या दाराकडे ताणलेला. सोहैरने ओळंब्याखाली हात घातला तर तळव्याला गार लागलं, ओल्या विहिरीत हात घातल्यासारखं. इमारत कलली तर ओळंबा ते दाखवतो. पण इमारत सरळ आणि ओळंबाच तिरका, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

तिने ते मंडळाचे अध्यक्ष बहगत यांना सांगितलं. बहगत हसले आणि तिथे इंजिनिअर बाईला म्हणतात तसं म्हणाले,

"बाशमुहंदिसा, तुझा दोरा ओला असेल."

"दोरा ओला असला तरी पृथ्वी खालीच ओढते ना, बाशमुहंदिस?"

"त्या घरांना आपला दाखला आहे. तो रद्द करायचा तर सगळ्या सभेपुढे ठेवावा लागेल. आणि यंदाच्या अहवालात पहिलं वाक्य काय आहे? तूच टाईप केलंयस. मंडळाचा दाखला असलेली एकही इमारत यंदा पडली नाही. ते वाक्य मला आवडतं."

इनायात तर घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. यात तिची चूक नव्हती. जुन्या भाड्याचा भाडेकरू एकदा बाहेर पडला की मालक कुलूप ठोकतो आणि परत आत घेत नाही. तिथे 'घर धोक्याचं आहे' म्हणणारा माणूस मालकाने पाठवलेलाच असतो, असं सगळे धरून चालतात. सभेच्या दिवशी सकाळीच फोनवर तिने सोहैरला झाडलं होतं.

"तू माझी बहीण आहेस की मालकाची?"

"इनायात, माझं ऐक. दोन दिवस माझ्याकडे ये. पोरांना घेऊन ये."

"आणि कुलूप लावलं की पोरांना तुझ्या गॅलरीत झोपवू? दारावर तुमचाच दाखला चिकटवलाय, गोल शिक्का मारलेला. तुझं मंडळ म्हणू दे घर पडणार म्हणून, लेखी देऊ दे, परत आत घेण्याची हमी देऊ दे. सगळी बिऱ्हाडं जिना उतरून येतील. तोवर तू आपला दोरा गुंडाळून ठेव."

म्हणून सोहैरने ठरवलं होतं: सगळे 'सरळ' म्हणतील तेव्हा आपण बोलायचं नाही. एकाने जरी शब्द अडवला तरी मंजुरी अडते, असा नियम आहे. नियम आहे खरा, पण आजवर कुणी तो वापरला नव्हता. इंजिनिअर माणूस खांब मोडेल इतकं ओझं पेलतो, पण सभेत एकट्याने गप्प राहणं त्याला पेलवत नाही.

दुपारी वादळ समुद्रावरून आत घुसलं. काचेच्या छतावर पाऊस ताशा वाजवत होता. ओल्या कोटांचा वास, सिगारेटींचा वास. मंडळाचा शिपाई अम्म शहाता वरच्या मजल्यावरून दोरा सोडू लागला. सगळे गप्प झाले. सर्वांत म्हातारे वनीस चकतीजवळ खुर्चीत बसले होते. त्यांनी आयुष्यात इतके पूल बांधले होते की आता स्वतःच्या पायांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

ओळंबा खाली आला. डुलला. डुलणं कमी होत गेलं आणि थांबलं.

तो चकतीवर थांबला नाही. चांगला वीतभर बाजूला थांबला, आणि वरपासून खालपर्यंत दोरा तिरका. सभेतल्या प्रत्येकाने मान किंचित वाकडी केली, जणू मान वाकडी केल्याने दोरा सरळ दिसेल. दोरा थरथरत होता, साखळीला ताण देणाऱ्या कुत्र्यासारखा. त्याचं टोक लब्बानच्या दिशेला होतं.

"वारा आहे," कुणीतरी पुटपुटलं.

दारं बंद होती. मेणबत्ती लावली असती तर ज्योत हलली नसती.

बहगत यांनी खाकरून घसा साफ केला. "अम्म शहाता, हातोडा आण. चकती सरकव."

शहाता हातोडा घेऊनच जिना उतरला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्याने चकती उपटली आणि ओळंब्याच्या टोकाखाली फरशीवर नवी जागा शोधू लागला. तेव्हा सोहैरने पहिल्यांदा नीट पाहिलं. चकतीभोवती फरशीत सगळीकडे बुजवलेली भोकं होती. इतकी वर्षं ती त्यांना जुन्या कठड्याच्या खुणा समजत आली होती. कठडा कधी असा चारी दिशांना पसरतो का?

ती वनीसच्या खुर्चीजवळ वाकली. "हे आधीही झालंय?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "होतं कधीकधी. ओढतो एखाद्या बाजूला. आपण चकती सरकवतो. मग त्याचा तो परत मधे येतो."

"कधी येतो?"

"काम झालं की."

"कसलं काम, काका?"

वनीस यांनी नजर त्या बुजवलेल्या भोकांवर वळवली. तेवढ्यावरून सोहैरला कळलं: ओळंबा ज्या बाजूला ओढतो, तिकडची इमारत पडते. तिने फोन काढला. इकडे शहाताचा हातोडा ठकठक वाजत होता, आणि तिकडे घंटी वाजत होती.

"पुन्हा तूच?" इनायात म्हणाली.

सोहैरने कुठल्याच खांबाचं, कुठल्याच दोऱ्याचं नाव काढलं नाही. सगळ्या गप्प सभेपुढे ती ओरडली, "इनायात, गॅसचा पाइप फुटलाय तुमच्या गल्लीत! आग लागेल! पोरं घे, दारं बडव, सगळ्यांना रस्त्यावर काढ!"

"अगं बाई! गॅस?"

"घर सोडत नाही म्हणू नका कुणी! परत जाता येईल, तासाभरात जाता येईल! पळ!"

आग म्हटल्यावर तिकडे कुणी दाखला बघितला नाही. फोनमधून दारं बडवल्याचा आवाज आला, जिन्यावर चपला, कुणाची तरी शिवी, कुणाचं तरी रडणं. "उम्म वग्दी, चूल राहू दे! पोराला उचल!" असं इनायात शेजारणीला ओरडत होती.

"बाशमुहंदिसा!" बहगत यांचा चेहरा लाल झाला. "ओळंबा सोडलेला असताना बोलायचं नाही, हे विसरलीस? बाहेर जा!"

"जाते. पण तो शब्द मी म्हणणार नाही. लिहून ठेवा."

"तू आता सभेतच नाहीस," बहगत म्हणाले, आणि वनीसकडे वळले. "उस्ताद, बोला."

हातोडा थांबला. चकती ओळंब्याच्या टोकाखाली नीट बसली होती. दोरा तिरका, पण टोक चकतीवर. वनीस यांनी त्या टोकाकडे बघितलं, फक्त टोकाकडे, आणि म्हणाले, "सरळ."

"सरळ," सगळे म्हणाले.

आणि ओळंबा सुटला. कुणीतरी पकडलेला हात सोडावा तसा तो झोकांडी खाऊन मधे आला, दोनदा हेलकावला आणि जुन्या भोकावर, खरोखरच्या मध्यावर, थांबला. दोरा ताठ उभा. सभेत सुटकेचा श्वास पसरला. कुणी हसलं, कुणी टाळी वाजवली.

"बघ," बहगत म्हणाले. "वाराच होता."

सोहैरच्या कानाला लावलेल्या फोनमधून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वाळूची पोती ओतावीत तसा आवाज, खूप वेळ. मग खोकला.

"सोहैर." इनायातचा आवाज ओळखू येत नव्हता. "सोहैर, गॅसचा वास कुठे येत नाहीये. पण घर नाहीये. सगळे बाहेर आहोत. उम्म वग्दी पण. घर कुठे गेलं गं?"

सोहैर भिंतीला टेकली. रडू आलं, ते तिने गिळलं, कारण त्या माणसांपुढे तिला रडायचं नव्हतं. ती म्हणाली, "लब्बानमधली इमारत पडली."

टाळ्या थांबल्या. बहगत यांनी पहिला प्रश्न विचारला तो कुणी मेलं का हा नव्हता.

"दाखला कुणाचा होता?"

"मंडळाचा. आत्ताच सगळ्यांनी मंजूर केलात."

मग बहगत यांनी अहवाल उचलला, पहिल्या वाक्यावर पेनने रेघ मारली, आणि आवाज चढवून वाचायला लागले. नव्या वर्षाचं पहिलं उद्दिष्ट: दाखल्यांची संख्या दुप्पट करणे. दुसरं उद्दिष्ट: अपघात शून्यावर—

ते थांबले, कारण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

ओळंबा पुन्हा हलू लागला होता. डुलत नव्हता, फिरत होता. हळूहळू, दोरा ताणून, चारी दिशांना हुंगत निघाल्यासारखा तो जिन्याभोवतीच्या माणसांसमोरून जात होता. स्मूहा वस्तीकडे वळला. तिथल्या नव्या मनोऱ्यांवर बहगत यांचा शिक्का होता. मग सिदी बिश्रकडे. मग पुन्हा मागे. ज्याच्यासमोर यायचा तो माणूस एक पाऊल मागे सरकायचा. शहाताने चकती उचलून हातात धरली होती आणि कुठे ठोकायची ते विचारायला तो कुणाच्या तरी तोंडाकडे बघत होता.

'सरळ' कुणी म्हटलं नाही. वनीस यांनी डोळे मिटून घेतले होते.

आधी बहगत यांनी खिशातून फोन काढला. मग त्यांच्या शेजारच्याने. मग सगळ्यांनी. शहरातले इतके शहाणे इंजिनिअर, प्रत्येकजण भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून, आपल्या बायकोला, आईला, मुलीला हळू आवाजात एकच गोष्ट सांगत होता.

"ऐक, काही विचारू नकोस. गॅस फुटलाय. बाहेर पड."