नेपच्यूनकडे निघालेली चूक

चूक गुरूच्या कक्षेपर्यंत जाऊन पोहोचली, तेव्हा कुठे ती माझ्या ध्यानात आली.

ब्रेमेनला डिसेंबरचा अंधार अजून हटला नव्हता. मी आदेश पाठवायच्या टेबलाशी, शेजारी फोल्कमार. यानावरचा कॅमेरा त्याचा. अर्धं आयुष्य त्यात घातलेलं. आमचं यान म्योवे आज नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्राजवळून जाणार होतं. एकदाच. परत फिरायला इंधन नव्हतं.

पहाटे आलेल्या फोटोत ट्रायटनच्या कडेला, जमिनीतून उसळणाऱ्या वायूच्या कारंज्याची बारीक रेघ दिसली आणि फोल्कमार वेडापिसा झाला. कॅमेरा बरोबर तिच्यावरच रोखायचा! घाईघाईत नवा आदेश तयार केला, जुना बेत पुसणारा. आणखी दोघांनी तो तपासला, सहाला मी पाठवला.

पाऊण तासाने तो हात चोळत म्हणाला, "अल्मुट, दुपारी अडीचला बघ तू. कारंजं समोर!"

मी सहज आदेशावर नजर टाकली आणि वेळेच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"फोल्कमार, अडीच कुठले?"

"कुठले म्हणजे? आपले."

"आपले अडीच म्योवेला काय कळणार? तिथे साडेदहालाच सगळं आटोपलेलं असेल!"

तिथली बातमी इथे यायला चार तास लागतात, म्हणून आम्ही सगळे ती ऐकू येण्याचीच वेळ बोलतो. बोलून बोलून तीच खरी वाटायला लागते. त्याने तीच लिहिली, तपासणाऱ्यांना तीच बरोबर वाटली.

"थांबव तो आदेश," तो म्हणाला.

"कसा थांबवू? प्रकाशाच्या वेगाने निघालाय. मागून दुरुस्ती पाठवली तर तीही त्याच वेगाने जाणार. पोहोचेल तेव्हा अकरा वाजत आलेले असतील."

"तरी पाठव! कारंज्यावरच रोख."

"कारंजं तोवर मागे गेलेलं असेल रे. मागे वळून बघायला सांगू. ट्रायटनची कोर तरी मिळेल."

"मला कोर नकोय!"

"मग काळं आकाश घे!" मी ओरडले. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त कीव आली होती.

फोल्कमार कागद ओढून आकडे मांडायला लागला, पण दोनदा चुकला. शेवटी त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "तूच मांड. आज माझ्यावर विसंबू नकोस."

सातच्या आत दुरुस्ती निघाली. मग नुसतं बसून राहायचं.

"आदेशाने शनी ओलांडला?" फोल्कमारने विचारलं.

"ओलांडला."

"म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. म्योवे अजून शहाणी आहे." काही वेळाने पुन्हा, "युरेनस?"

"तोही."

दहाला, आदेश पोहोचायच्या वेळी, तो उठून उभा राहिला. साडेदहाला तो हळूच म्हणाला, "आत्ता कारंजं तिच्यासमोर आहे. आणि तिचे डोळे मिटलेले आहेत."

अडीचला पडदा काळाच राहिला. तीनच्या सुमाराला कोर आली, कापलेल्या नखाएवढी. कारंजं दुसऱ्या अंगाला राहिलं होतं. फोल्कमारने चष्मा काढला आणि तो सगळ्यांदेखत रडला.

दुसऱ्या दिवशी त्याचा पासष्टावा वाढदिवस. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. तो आधीच फ्रिजमध्ये आणून ठेवलेला. आदल्या दिवशी पहाटेच एका नव्या मुलीने उत्साहात शुभेच्छा दिल्या, तेव्हा तो हसत म्हणाला होता, "आधी देऊ नये गं, अपशकुन होतो." आज द्यायला हरकत नव्हती, तर जो तो आपल्या पडद्यात डोकं खुपसून बसला. शेवटी मीच पुढे झाले.

माझ्या बशीत तुकडा ठेवता ठेवता त्याने विचारलं, "पुन्हा जाईल गं कोणी तिकडे?"

"जाईल की."

"यान बांधायला दहा-बारा वर्षं. पोहोचायला तेवढीच."

मी पासष्टात ती वर्षं मिळवून पाहिली. या हिशेबात त्याची चूक नव्हती.