पेटी की गादी

दलालाच्या आवारात त्या दोन गाड्या उन्हात शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही जुन्या, दोन्हींच्या चारही चाकांना ताकद, दोन्हींच्या मालकांनी हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या. एक चौकोनी, उंच, सगळी पत्र्याची. तिला दलाल पेटी म्हणायचा. दुसरी गोलसर, जाड सीटांची, गिअर आपोआप बदलणारी; ती गादी. गिऱ्हाइकासमोर मात्र तो दोघींनाही 'आपली घरची गाडी' म्हणायचा. या वेळी गिऱ्हाईकच घरचं निघालं, त्याची थोरली बहीण आणि तिचा नवरा. परक्याला चार गोष्टी वाढवून सांगता येतात. बहिणीला काय सांगणार?

ताईनं सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात घालवली होती. रोज तोच रस्ता, तीच वळणं, तेच थांबे आणि मागच्या सीटवर रोज कुणीतरी ओकणारं. मुलं तिला ड्रायव्हर मावशी म्हणत. लग्नं झालेली, टक्कल पडलेली मुलं अजूनही बाजारात तिला पाहून सरळ उभी राहत. इतकी वर्षं गाडी चालवून ती कुठेच गेली नव्हती, हा हिशेब तिनं निवृत्त झाल्यावर मांडला आणि तो तिला फारच अंगावर आला. आता तिला डांबर संपतं तिथून पुढे जायचं होतं. कोरड्या नदीच्या पात्रातून, दगडांवरून, पठारावर. तंबू घेतला होता, पाण्याचे डबे घेतले होते. गाडी तेवढी राहिली होती.

तिचा नवरा लिफ्ट तपासनीस. जन्मभर इमारतींत शिरून 'नाही' म्हणण्याचा पगार घेतला, आणि प्रामाणिकपणे घेतला. त्यानं पास केलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही; अर्थात त्यानं पास केलेल्या लिफ्टा फार नव्हत्या. त्याला गाडी चालवता येत नव्हती. "वरून दोर नाही अशा वाहनावर माझा विश्वास नाही," असं तो म्हणायचा आणि मग त्याच विश्वास नसलेल्या वाहनातून, ताईच्या शेजारी, वरची मूठ घट्ट धरून सगळीकडे जायचा.

"तू फक्त सांग कुठली," ताई भावाला म्हणाली. "उगाच गोडगोड बोलू नकोस."

"गादी आरामाची आहे. मधूनच एक दिवा लागतो, का लागतो ते कंपनीलाही माहीत नसेल. पेटी हाडं खिळखिळी करते, पण कुठेही बंद पडली तरी हातोडीनं चालू होते."

"म्हणजे दोन्ही भंगार," तपासनीस म्हणाला.

"भावोजी, चांगली गाडी असती तर तिच्या मालकानं ती मला कशाला दिली असती?"

पण ताईला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते फक्त दलालाला ठाऊक होतं. ताईला साखरेचा आजार होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिला डोळे मिटायला सांगत आणि तळपायाला जाडसर नायलॉनचा धागा टेकवत. "कळलं की हो म्हणा." गेल्या वेळी उजव्या पायाला ताई अंदाजानंच हो म्हणत राहिली आणि अंदाज चुकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या हंगामात सांभाळून चालवा, पुढच्या तपासणीनंतर बहुधा मला तुम्हाला थांबवावं लागेल. तोवर चालणं सोडू नका. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला यातलं शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं. तपासनिसाला कळलं असतं तर त्यानं तिच्यावर 'बंद आहे'ची पाटीच लावली असती. भावाला तरी तिनं कुठे सांगितलं होतं? एकदा आवारात गाडी लावताना ती मान खाली घालून स्वतःचा पाय कुठे आहे ते बघत होती, ते त्यानं पाहिलं. मग तिनं त्याला शपथ घातली.

म्हणून जायचं तर याच हंगामात. त्यानंतर पठार तिथेच असणार होतं, पण ताईचा पाय नसणार होता.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण होती. दलाल गिऱ्हाइकांना तिथे नेऊन गाड्या दाखवायचा. आधी गादी नेली. ती खड्ड्यांतून अशी गेली, जणू खड्ड्यांनी उठून वाट करून दिली. तपासनिसानं प्रथमच मूठ सोडली. ताई मात्र उतारावर घामाघूम झाली होती. ब्रेक लागत होता. पण आपण तो किती दाबतोय, दाबतोय की नाही, हे गाडी थांबल्यावरच समजत होतं.

मग पेटी. इंजिन सुरू होताच आरसा, दारं, तपासनिसाचा चष्मा, सगळं थडथडायला लागलं. पेडलवर पाय ठेवला आणि ताई पुढे वाकली. पेडल थरथरत होतं. ती थरथर तळपायातून नाही, पण घोट्यातून, नडगीतून वर गुडघ्यापर्यंत पोचत होती. थोडं दाबलं की थरथर बारीक, जोरात दाबलं की जवळजवळ शांत. तळपाय मेला होता, पण हाडं ऐकत होती. ती उतार उतरली, वळवून पुन्हा चढली, पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा उतरताना ती हसत होती.

"हीच," ती म्हणाली.

"हिच्यात? अगं, माझे दात वाजले!"

"मला आवडली."

"आवडण्यावर गाडी घेतात होय?"

"मग कशावर घेतात? तुम्हालाही असंच घेतलं होतं."

तेव्हा त्यानं खिशातून छोटी हातोडी काढली.

ती हातोडी घेऊन तो पेटीखाली शिरला. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, तो इंच इंच ठोकत गेला. मागच्या चाकाजवळ आवाज बदलला आणि हातोडी आरपार गेली. तो बाहेर आला तेव्हा केसांत गंजाचा भुगा होता आणि चेहऱ्यावर, कित्येक दिवसांनी, समाधान.

"नापास," तो म्हणाला.

"तेवढं जोडून घेऊ, भावोजी. आठवड्याचं काम."

"तेवढं? लिफ्टचा एक दोर झिजला तर आम्ही एक बदलतो का? सगळे बदलतो. नव्याच्या जोडीला जुना ठेवला की नवा ताण घेतो आणि तोच तुटतो."

"ही लिफ्ट नाही हो!"

"म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी."

ताईनं भांडून पाहिलं. पण गाडी निवडायचा हक्क तिनं बजावला होता, तर ती नीट करायचा हक्क त्यानं घेतला. संसारात हे असं वाटून घ्यावंच लागतं. पेटी वेल्डरकडे गेली. चासीचा तो भाग जोडला, तर समोरचा भाग त्याच्या जोडीचा राहिला नाही. तोही बदलला. मग ब्रेकच्या नळ्या. मग चाकांवरचे, धक्के झेलणारे पाटे. तपासनीस रोज सकाळी डबा घेऊन वेल्डरकडे जायचा, नोकरीवर निघाल्यासारखा, आणि वेल्डर त्याला पाहून मागच्या दारानं चहाला जायचा.

दलाल दोनदा जाऊन आला. "भावोजी, आवरा आता. हंगाम संपेल."

"पुढच्या वर्षी जाऊ. पठार पळून चाललंय का?"

दलालाच्या जिभेवर आलं होतं. पण शपथ होती; आणि ती मोडली असती तर त्या माणसानं ताईच्या हातून किल्लीच काढून घेतली असती, हेही होतं. तो नुसताच म्हणाला, "ताईचं वय वाढतंय."

"तेच तर!" तपासनीस म्हणाला आणि त्याला एका बाजूला घेऊन गेला. त्याचा आवाज खाली आला. "तिचा उजवा पाय दुखतो बहुतेक. सांगत नाही, पण चप्पल घालताना बघत असते. मी काही आंधळा नाही. म्हणून तर हे सगळं करतोय." त्यानं पेटीच्या पोटात बोट दाखवलं. "ब्रेकला बूस्टर बसवलाय, बोटानं दाबला तरी लागेल. इंजिनखाली नवे रबर, बॉडीखाली नवे रबर. पेडलवर हे बघ, जाड पॅड. थरथर अजिबात राहणार नाही. तिच्या पायाला त्रास म्हणून नको."

दलालानं ते सगळं पाहिलं. नवंकोरं काळं रबर, नीट घट्ट आवळलेले नट. त्यानं बोटानं पॅड दाबून पाहिला.

"कसं झालंय?" तपासनिसानं विचारलं.

"काम चोख आहे," दलाल म्हणाला.

पेटी परत आली तेव्हा वारा फिरला होता. पठारावरची वाट बंद व्हायला थोडेच दिवस होते, पण होते. तपासनिसानं ताईला सांगितलं, "पास." हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायची घरात कुणाला सवय नव्हती. तिनं आत जाऊन तंबू काढून दाराशी आणून ठेवला.

तिघं खाणीवर गेले. इंजिन सुरू झालं, पण आरसा हलला नाही. ताईनं पाय ठेवला. वाट पाहिली. उताराच्या तोंडाशी आली आणि थांबली. म्हणजे थांबायचं ठरवलं, आणि गाडी ठरल्यापेक्षा हातभर पुढे जाऊन, धाडकन, नाक आपटून उभी राहिली. शेजारी तपासनीस खुशीत होता.

"बघ! बोटानं लागतो. लोण्यासारखी झालीय की नाही?"

ताईनं इंजिन तसंच चालू ठेवलं, हातानं ब्रेक ओढला, चप्पल काढली. वाकून पेडलवरचा जाड पॅड उचकटून काढला आणि उघडा तळपाय लोखंडावर ठेवला. मग हात खाली नेऊन तेच लोखंड बोटांनी धरलं. बोटांना अगदी बारीक थरथर लागत होती. पायाला काही नाही. नडगीलाही नाही.

"अगं, काय करतेस? तो पॅड चिकटवलाय."

"मी पेटी का घेतली माहितेय का तुम्हाला?"

आणि मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा धागा, चुकलेले अंदाज, नडगीपर्यंत येणारी थरथर. दलाल मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता. सांगून झाल्यावर तपासनिसानं पहिली गोष्ट कामाची विचारली, कारण त्याला तेवढंच येत होतं.

"रबर काढले तर?"

"काढा हवं तर. तेव्हा गुडघ्यापर्यंत यायचं. आता कुठवर येतं, मला तरी कुठे माहीत आहे?"

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर तुम्ही पेटी घेऊच दिली नसती."

हे खरं होतं. तो नाही म्हणाला नाही.

रबर काढले. वेल्डरनं कपाळाला हात लावत काढले. पेटी पुन्हा थडथडायला लागली. ताईनं पाय ठेवला, डोळे मिटले; पण नडगीत काहीच आलं नाही. ते दुरुस्तीनं नेलं की मधल्या महिन्यांनी, हे आता कोण कोणाला विचारणार? ती उतरली आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

"मी शिकतो," तो म्हणाला.

"या वयात?"

"तू शाळेतल्या पोरांना शांत बसवलंस. मला शिकवायला काय जातंय?"

मग संध्याकाळी दलालाच्या आवारात शिकवणी सुरू झाली. तपासनीस क्लच सोडायच्या आधी तीनदा दोन्ही आरसे बघायचा. गाडी उडी मारून बंद पडायची. पुन्हा सुरू केली की फाटकापर्यंत जायची आणि फाटकापाशी तो थांबायचा, उतरायचा, फाटक दोन्ही बाजूंनी पुरेसं रुंद आहे का ते पाहून यायचा. तोवर इंजिन बंद पडलेलं असायचं.

"अहो, फाटक काल होतं तेवढंच आहे."

"काल मी इतका कडेला नव्हतो."

"भावोजी, या वेगानं पठारावर पोचायला तुम्हाला तिथे जन्म घ्यावा लागेल," दलाल ओरडला. तपासनीस हसला. ताईही हसली.

एका संध्याकाळी तो फाटकातून बाहेर पडला. रस्त्यावर समोरून टेम्पो आला. त्यानं स्टिअरिंग सोडलं आणि सवयीनं वरची मूठ धरली. ताईनं एका हातानं स्टिअरिंग ओढून गाडी कडेला घातली. दलाल पळत आला. काही झालं नव्हतं. तपासनीस वरची मूठ धरून तसाच बसला होता, आणि ताई शांतपणे त्याला सांगत होती की घाबरायचं नाही, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.

दलालानं खिडकीतून खाली पाहिलं. तिचा उजवा पाय पुढे ताठ होऊन गाडीच्या सपाट तळावर, ब्रेक नाही तिथे, जीव खाऊन दाबलेला होता. गाडी केव्हाची थांबली होती, तरी तो दाबलेलाच होता.

"ताई," तो म्हणाला, "पाय."

तिनं खाली पाहिलं. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून तो मागे घेतला.

"उद्या गिऱ्हाईक बघ हिला," नवरा चाकं तपासायला उतरल्यावर ती हळूच म्हणाली. "आणि हिच्या बदल्यात गादीही नको. एकच सांगते. यांच्यासमोर बोलू नकोस, यांचं अजून शिकणं चाललंय."