आबादानचा उस्ताद

तूरज पडला नाही. बर्फाच्या उताराच्या वरच्या टोकापासून पायथ्याशी वाफवलेली बीटं विकणाऱ्याच्या गाडीपर्यंत तो दोन पायांवर उभा राहून आला, आणि पोचला तेव्हा त्याची सगळी हाडं जागच्या जागी होती. पण हे त्याला स्वतःलाच अजून माहीत नाही, तेव्हा आपणही ऐकलेलं नाही असं धरून चालू.

सध्या तो वरच आहे. उजवा हात छातीवर ठेवून, डावा उताराकडे करून, किंचित वाकून म्हणतो आहे,

"आधी तुम्ही, गीती खानूम."

"छे, उस्ताद. तुमच्या पुढे मी कशी जाणार?"

"जीव गेला तरी मी तुमच्या आधी जाणार नाही."

हे वाक्य तो जन्मभर दारांपाशी म्हणत आला होता. आज पहिल्यांदाच ते शब्दशः खरं होतं.

त्याच्या लाल जाकिटाच्या पाठीवर 'प्रशिक्षक' असं लिहिलेलं होतं. बाह्या चार बोटं आखूड. खानूमच्या गळ्यात पिवळं कापड, त्यावर 'शिकाऊ'. मागून खुर्च्यांची लिफ्ट वर येत होती. दर खुर्चीतून दोघं उतरत, या दोघांना बघून "आधी तुम्ही" म्हणत, मग हे दोघं मिळून त्यांना "आधी तुम्ही" म्हणत, आणि शेवटी ते जात. अशी सदतीस माणसं गेली. एक कुत्रंही गेलं. त्याला कोणी आग्रह केला नव्हता.

खरं म्हणजे तूरजने कोणाला काही खोटं सांगितलं नव्हतं. सगळी भानगड तिथेच झाली होती.

एकोणीस दिवसांपूर्वी तो इराणच्या तापलेल्या दक्षिण टोकाच्या आबादानहून पाठीला पिशवी लावून निघाला. कारखाना बंद पडल्यावर घरात बसून छत बघण्यापेक्षा देश बघतोय म्हटलेलं चारचौघांत बरं दिसतं. पहिल्या बसमध्ये त्याने करायच्या गोष्टींची एक यादी केली. मग खोर्रमाबाद झालं, हमदान झालं, सनंदज झालं, जंजान झालं. देशाचा जो भाग त्याने पाहिला तो मुख्यतः पुढच्या सीटची पाठ होती. लांबच्या नातेवाइकांनी "हे घर तुमचंच" म्हणून दार उघडलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत ते घर परत मागितलेलं दिसायला लागलं. आता डोळे मिटले तरी त्याला ड्रायव्हरच्या आरशाला टांगलेली जपमाळ हलताना दिसे. जमिनीवर उभा असला तरी वळण आलं की तो एका बाजूला कलायचा.

सफीददर्रेला तो उतरला, कारण मिनीबस त्यापुढे जात नव्हती. यादीत एकच गोष्ट उरली होती, स्की शिकणे. रस्त्यावरच्या पहिल्याच दुकानात तो शिरला. गल्ल्यामागचं दार उघडं होतं. आत एक लोखंडी स्टोव्ह, एक खाट, खाटेवर वाघाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट. तूरज त्या खाटेकडे बराच वेळ बघत राहिला. ती हलत नव्हती.

दुकानदाराचं नाव आगा शादरवान. चहाचा पेला हातात, साखरेचा खडा दाढेखाली.

"प्रशिक्षकाच्या जागेसाठी का? कुठले?"

"आबादानचा. पण मी तर शिकायला—"

शादरवानने पेला खाली ठेवला. आबादानची माणसं त्याला ठाऊक होती, फुशारकीत कोणाला हार न जाणारी. आबादानचा प्रत्येक न्हावी ब्राझीलच्या संघाचे केस कापून आलेला असतो.

"स्की येतं?"

"अजिबात नाही."

"अजिबात?"

"बर्फसुद्धा आजच बघितला. फ्रीजमधला सोडून."

शादरवान गल्ल्यामागून बाहेर आला. त्याने तूरजचे दोन्ही खांदे धरले.

"पंचवीस वर्षं झाली दुकान टाकून. आबादानचे नऊ जण आले इथे. नऊच्या नऊ जगज्जेते! आठ मी स्ट्रेचरवरून उतरवले. नववा अजून सापडायचाय. आणि तुम्ही म्हणता, येत नाही?"

"येत नाही हो, आगा."

"बघा! परत! कोणाकडे शिकलात?"

"कोणाकडेच नाही."

"स्वतःचे स्वतः!" शादरवानच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोठी माणसं अशीच असतात. आम्हीच तुमच्याकडून शिकायचं."

तूरजने आणखी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा आतल्या स्टोव्हची ऊब त्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचली होती. त्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली.

"उद्या एक शिकाऊ बाई येतायत," शादरवान म्हणाला. "करजच्या दातांच्या डॉक्टरची आई. चार वाजायच्या आत त्यांना वरून धडधाकट खाली आणा, की खोली हिवाळाभर तुमची. नाहीच जमलं, तर चारची मिनीबस आहेच. पण तुम्हाला काय सांगायचं!"

आता, उताराच्या वरच्या टोकाला, सव्वातीन झाले होते.

"उस्ताद!" लिफ्टवाला केबिनमधून ओरडला. "चारला बंद करतोय हां!"

"खुर्चीतून खाली येऊ का आम्ही?"

"खाली फक्त स्ट्रेचरवाल्यांना नेतो. आधी काहीतरी मोडून घ्या, मग या."

तूरजने उताराकडे पाहिलं. चढताना तो एवढा उभा नव्हता. खुर्चीतून तूरज उतरला होता असंही म्हणता येत नव्हतं. खुर्ची त्याच्याखालून निघून गेली होती. पडायचं कसं ते उस्तादांनी दाखवलं, असं समजून खानूमने तेव्हा मान डोलावली होती. त्या मानेची आठवण झाली आणि त्याने खानूमकडे पाहिलं. पासष्टीची बाई. कोणाची तरी आई.

"खानूम, मला येत नाही."

"किती ही नम्रता."

"नम्रता नाही. आईच्या जिवाची शपथ."

खानूमचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. आईचा जीव कोणी आदबीपायी मध्ये आणत नाही.

"तुझ्या स्वतःच्या आईच्या?"

"एकच आहे."

तिने खाली वाकून त्याच्या पायांकडे नीट पाहिलं.

"डावा बूट उजव्या पायात आहे तुझ्या."

"हो का?"

"सकाळपासून मला वाटतंय, असेल आबादानची काही पद्धत."

तूरज बर्फातच बसला. आता बसायला काही हरकत नव्हती. खोली, स्टोव्ह, चारची मिनीबस, सगळं त्याने सांगून टाकलं. खानूमने काठ्या बर्फात रोवल्या आणि तीही पिवळं कापड सावरत त्याच्याजवळ टेकली.

"आता माझं ऐक. सकाळी मी त्या शादरवानला सांगितलं, मला येतं. तो म्हणाला, 'येणारच, खानूम, तुम्ही तर अजून विशीतल्या,' आणि हे गळ्यात अडकवलं. काल बाबकला, माझ्या मुलाला सांगितलं, मला येतं. तो म्हणाला, 'आई, गोळी घेतलीस का?'"

"आणि खरंच येतं?"

"त्या खिंडीपलीकडचं गाव माझं. बापाने अक्रोडाच्या फळ्या तासून दिल्या होत्या. त्यांच्यावरून शाळेत जायचे. सात हिवाळे. मग मला यझ्दला दिली."

"यझ्दला काय, वाळू."

"सेहेचाळीस वर्षं वाळू. ते गेल्यावर मुलाकडे, करजला. वाढदिवसाला काय हवं म्हणाला. म्हटलं, डोंगर. तर त्याने मास्तर लावून दिला."

खालून बीटाच्या वाफेचा गोड वास आला असता, पण अंतर फार होतं. तूरज तिच्याकडे वळला.

"मग तासभर मला 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' काय करत होतात? जायचं ना सुसाट!"

खानूमने हातमोज्याचा पट्टा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

"गुडघ्यांना आठवतंय की नाही, कोण जाणे. नसलं आठवत, तर बाबकच खरा ठरतो ना."

लिफ्टवाल्याने घंटा वाजवली. साडेतीन. खानूम उठली, तूरजसमोर गुडघ्यावर बसली आणि त्याच्या बुटांच्या कड्या उघडायला लागली.

"अहो, पायाला हात काय लावताय माझ्या!"

"गप रे. आता ते सगळं पुरे." तिने बूट अदलाबदल करून कड्या लावल्या. "नीट ऐक. फळ्यांची पुढची टोकं जवळ आण, सोयरे भेटल्यासारखी. मागची लांब ठेव, भांडलेल्या जावांसारखी. थांबायचं असलं की जावांचं भांडण वाढवायचं. कळलं?"

"आणि वळायचं असलं की?"

"एका जावेची बाजू घ्यायची. माझ्या फळ्यांच्या खुणेतून ये. खुणेबाहेर गेलास तर तुझं तू बघ."

ती निघाली. पहिलं वळण तिने इतकं ताठ घेतलं की तूरजने डोळे मिटले. दुसऱ्याला ती डगमगली, एक काठी हवेत गेली, आणि क्षणभर बाबक खरा ठरला. तिसऱ्या वळणावर तिचे गुडघे वाकले. कोणी सांगितल्यासारखे नाही, आपणहून. बर्फाची बारीक धूळ उडाली आणि पिवळं कापड खांद्यावरून मागे फडफडलं.

ती थांबली. वर वळून तिने काठी हलवली.

तूरजने सोयरे भेटवले, जावा लांब केल्या आणि तो निघाला. त्याच्या वेगाला वेग म्हणणं धाडसाचं होईल. एका झुडपाने त्याला मागे टाकलं असा त्याला भास झाला. दर वीस पावलांवर तो भांडण वाढवून थांबायचा, धापा टाकायचा, आणि खाली एका ठिपक्याएवढी खानूम उभी असायची. ती एकदाही "लवकर ये" म्हणाली नाही. शेवटच्या मोठ्या उताराशी मात्र ती त्याची वाट बघायला थांबली नाही. दोन्ही काठ्या काखेत धरून ती सरळ सुटली, खाली, आणखी खाली, आणि बीटवाल्याच्या गाडीसमोर एक रुंद अर्धगोल काढून उभी राहिली. बीटवाल्याने गिऱ्हाइकाला द्यायचं बीट स्वतःच्याच तोंडात घातलं.

तूरज सात मिनिटांनी आला.

शादरवान दुकानासमोर उभा होता. शेजारी मिनीबसचं इंजिन चालू, ड्रायव्हर दारात लोंबकळत ओरडत होता, "तेहरान! तेहरान! एक सीट!" तूरजची पिशवी सकाळीच बांधून दुकानाच्या पायरीवर ठेवलेली होती, उगाच घाई नको म्हणून तूरजने स्वतःच.

"एका दिवसात!" शादरवान खानूमभोवती एक फेरी मारून म्हणाला. "सकाळी बाई बुटांना हात लावायला घाबरत होत्या!"

"मी घाबरत नव्हते," खानूम म्हणाली.

"आणि उस्ताद मागे राहिले, पाहिलंत? शिकाऊला पुढे घालायचं आणि स्वतः गोगलगायीसारखं यायचं! इतकं हळू यायला पायांत काय ताकद लागते, माहितीय?"

"आगा, त्यांना आधीपासून येतं," तूरज म्हणाला. "यांनीच मला खाली आणलं. आईच्या—"

"बघा! परत!" शादरवानने छातीवर हात ठेवला. "श्रेयसुद्धा घेत नाही हा माणूस. खानूम, तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकू दे या सगळ्यांना. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

बीटवाला, त्याची गिऱ्हाइकं आणि मिनीबसमधली अर्धी माणसं खानूमकडे बघायला लागली. तिने श्वास घेतला. सकाळपासून, कदाचित त्याच्याही पुष्कळ आधीपासून, हा प्रश्न तिला कोणीतरी विचारायला हवा होता.

"एकच सीट!" ड्रायव्हर ओरडला. "ए लाल जाकीट, येतोस का?"

खानूमने मिनीबसकडे पाहिलं. पायरीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग गळ्यातलं पिवळं कापड काढलं, त्याची चौपदरी घडी घातली, घडी हाताने सपाट केली आणि शादरवानला दिली.

"उस्तादांनी," ती म्हणाली. "दुसरं कोण शिकवणार?"

मिनीबस गेली. खानूमने तूरजकडे पाठ करून मुलाला फोन लावला.

"हो, शिकले. हो, आजच. नाही रे, पडले नाही. मास्तर चांगला आहे, बाबक. हो, तूच बरोबर होतास. घेते गोळी."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि बर्फ झटकत तूरजच्या जवळून गेली.

"उद्या दहाला," ती हळूच म्हणाली. "बूट बघून घाल."

खोलीत स्टोव्ह पेटलेला होता. तूरज खाटेवर बसला. खाट हलली नाही. मग त्याने दुकानातून एक कोरा कागद मागून आणला आणि मांडीवर पिशवी घेऊन, असं कार्यालय कुठे असतं का याची फिकीर न करता, त्यावर लिहायला लागला.

'प्रति, मा. अधीक्षक, मागील नोंदी विभाग, हिवाळी क्रीडा कार्यालय.

विषय: नोंदीत दुरुस्ती होणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्यास स्की येत नाही. हे त्याने एकदा सांगितल्यावर खरे मानण्यात यावे, व तसे मानल्यामुळे त्याच्या निवासाच्या सोयीत हिवाळा संपेपर्यंत कोणताही बदल करू नये. तसेच, गीती खानूम यांना स्की येते अशी नोंद आजच्या नव्हे, तर सेहेचाळीस वर्षांहूनही आधीच्या तारखेने घेण्यात यावी, आणि मधल्या काळात ती नोंद कोणाला सापडली नाही याचे कारण कार्यालयाने लेखी द्यावे. सदर नोंद त्यांच्या चिरंजिवांना, हातातले काम थांबवून, उभे राहून, मोठ्याने वाचायला लावावी, व त्या वेळी खानूम समोर हजर असतील अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून करण्यात यावी, ही नम्र विनंती.'