सांगायचं ठरलं होतं

माझी जीभ तिखट आहे, हे मला शाळेपासून माहीत आहे. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानच होता. हडपसरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत आणि त्यांना शिस्त लावायला मला कधी आवाज चढवावा लागला नाही. उशिरा आलेल्याला "अरे वा, उद्यासाठी फारच लवकर आलात" एवढं म्हटलं की पुढचे सहा महिने तो वेळेवर येतो.

गेल्या महिन्यात कंपनीने आम्हा वरिष्ठांना दोन दिवस स्वतःला ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं. बावन्नाव्या वर्षी माझी मला ओळख करून द्यायला तिशीची एक मुलगी आली होती. तिने गृहपाठ दिला: टीममधल्या प्रत्येकाला घरचं काहीतरी विचारायचं आणि उत्तरावर काहीही न बोलता ऐकायचं. मला तो पोरखेळ वाटला, पण गृहपाठ न करता मी कधी वर्गात गेलेली नाही.

पहिली आम्रपाली. सहा वर्षं माझ्याकडे आहे, कामाला वाघ, बोलायला कमी. मी विचारलं, घरी कोण कोण असतं?

"मी आणि आई," ती म्हणाली. "वडील गेले, मॅडम. तीन आठवडे झाले."

तेव्हा तिने पाच दिवस रजा घेतली होती. अर्जात 'घरगुती काम' लिहिलं होतं. ती परतली त्या सकाळी मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, काय, महाबळेश्वर की गोवा? सगळ्यांनी माना खाली घातल्या. हसू दाबतायत, असं मला वाटलं होतं.

ती गेल्यावर मी अवधूतला बोलावलं. तो टीममधला सगळ्यात जुना. तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं.

"सगळेच गेलो होतो, मॅडम. तिच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाला, रविवारी, तीन गाड्या करून." तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "तुम्हाला सांगायचं ठरलं होतं. कोणी सांगायचं, ते ठरलं नाही."

तो रविवार मी आठवून पाहिला. माझे रविवार सगळे सारखेच: मंडईत जायचं, एकटीपुरती पाव किलो वांगी घ्यायची आणि भाजीवालीशी घासाघीस करायची, कारण तेवढंच काय ते बोलणं होतं. त्याच वेळी माझी माणसं मला वगळून तीन गाड्यांत बसली होती. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सगळे माझ्याकडे आले होते.

पुढच्या रविवारी मी पत्ता काढून आम्रपालीच्या घरी गेले. न कळवता गेले, कारण कळवलं असतं तर तिने गोड बोलून टाळलं असतं. हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी तिच्या वडिलांचा, सीताराम यांचा फोटो होता. तिच्या आईने, कांताबाईंनी, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. ते दोन महिने दवाखान्यात होते. पोरगी दिवसभर ऑफिस करायची आणि रात्री त्यांच्या उशाशी बसायची. त्याच दोन महिन्यांत कधीतरी मीटिंगमध्ये तिला जांभई आली, तेव्हा मी उशी मागवू का म्हणून विचारलं होतं.

मग कांताबाई म्हणाल्या, "सगळे आले त्या दिवशी तुम्हाला ताप होता म्हणे. पोरगी म्हणाली, नाहीतर मॅडम सगळ्यांच्या आधी आल्या असत्या."

आम्रपाली चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली. बाप गेल्याच्या दुःखातही हिने माझी अब्रू सांभाळली होती. मी नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. कांताबाई तर आता बरं आहे ना, म्हणून विचारतही होत्या.

"मला ताप नव्हता," मी म्हणाले. "मला कोणी सांगितलंच नाही. मी काहीतरी लागेल असं बोलेन, याची सगळ्यांना भीती होती. आम्रपालीलासुद्धा."

कांताबाईंनी लेकीकडे पाहिलं, मीही पाहिलं. आता तिने 'नाही हो मॅडम, असं काय' म्हणावं, असं मला फार फार वाटलं.

तिने ट्रे माझ्यासमोर ठेवला, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हो, आई."