ब्रेक माझ्या पायाखाली

"आधी प्रोस्टेटची रक्ततपासणी, मग इंजेक्शनचं बघू. तुमचा सख्खा भाऊ त्याच कॅन्सरने गेलाय, विसरू नका."

डॉक्टरांनी हे बाईंच्या देखत बजावलं होतं. पण बाईंचे अहो, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, यांच्या डोक्यात शिरलं ते फक्त इंजेक्शन. तेही त्यांनी डॉक्टरांना टांग मारून जिमच्या ट्रेनरकडून टोचून घेतलं. टेस्टोस्टेरॉनचं. साठीला टेकलेला माणूस आता आरशासमोर घट्ट बनियनमध्ये, पोट आत ओढून उभा होता.

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या. "चहा निवतोय."

"जळतेस तू. विशीतली ताकद आलीय!"

"विशीत तरी कुठे होती? सिलिंडर मीच उचलायची."

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई, त्या गेलेल्या भावाची बायको, आल्या. बाईंनीच बोलावून घेतलं होतं.

"भावजी, तपासणी केलीत?"

"वहिनी, त्या इंजेक्शनाने कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरच म्हणाले."

"पुढचं गिळलंत वाटतं," बाई म्हणाल्या. "आत आधीच लपून बसला असेल तर त्याला खतपाणी नको, म्हणून तपासा, असंही म्हणाले."

"अगं, जरा काही जाणवलं की बंद करीन! शिकाऊ गाडीत दुसरा ब्रेक कुठे असतो? माझ्या पायाखाली. आजवर कुणाला भिंतीवर जाऊ दिलंय?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "ऐकलंत जाऊबाई? ह्यांनी ओटीपोटातही ब्रेक बसवून घेतलाय!"

जाऊबाई हसल्या नाहीत. "तुमच्या भावाला काय जाणवलं होतं, भावजी? काहीच नाही. कंबर धरली तेव्हा कॅन्सर हाडांत पोचला होता. उशाशी तुम्हीच बसायचात."

मालकांचं आत ओढलेलं पोट सुटलं. खुर्चीत बसत ते पुटपुटले, "आणि निघालं काही, तर?"

बाईंच्या ओठांवर आलेला टोमणा जागीच विरला. एवढी मिजास, आणि आत नुसती भीती!

"निघालं तर वेळेत कळेल," जाऊबाई म्हणाल्या. "शब्द द्या मला."

"दिला. उद्याच जातो. इंजेक्शनही बंद."

सकाळी मालकांनी पहिल्या शिकवणीला नाही म्हणून कळवलं. बाई उठायच्या आत सैलसा सदरा चढवला, चपला हातात घेऊन जिना उतरले आणि लॅबच्या रस्त्याला लागले.